चार बोटं जास्त

नर्मदेने दुकानाची पायरी चढण्याआधी दोन्ही हात पदराखाली घेतले, आणि मागून येणाऱ्या तिच्या मुलीने, संचिताने, ते पाहिलं.

पदराखाली म्हणजे पार कोपरापर्यंत आत. एखादीने काहीतरी लपवून आणलं असावं, तसे. त्या हातांत काही नव्हतं. मालवणच्या बाजारात सकाळची मासळी विकून झाल्यावर आईने नळावर जाऊन आधी चिंचेच्या कोळाने हात चोळले होते, मग साबणाने, मग पुन्हा चिंचेने. नखांच्या कडा लालबुंद झाल्या होत्या. मासळीची पाटी तिने शेजारी बसणाऱ्या काशीबाईच्या ताब्यात दिली होती, साडी झटकून निऱ्या सारख्या केल्या होत्या. एवढं सगळं करून दुकानात शिरायचं आणि शेवटी हात दडवायचेच, तर मग चिंच कशाला वाया घालवली, असं संचिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आज भांडण नको होतं. आज ड्रेस हवा होता.

शाळेचं स्नेहसंमेलन महिन्यावर आलं होतं आणि सूत्रसंचालनासाठी बाईंनी अख्ख्या दहावीतून तिला निवडलं होतं. देवबागच्या मासळीवालीच्या मुलीला! मागच्या वर्षीपर्यंत ती हजेरीलाही इतक्या हळू 'हजर' म्हणायची की बाई दोनदा विचारायच्या. मग या पावसाळ्यात कधीतरी तिला स्वतःचा आवाज सापडला, आणि सापडल्यावर ती तो जिथे तिथे वापरून बघत सुटली. वक्तृत्व स्पर्धेत, एसटीच्या कंडक्टरशी, वाडीतल्या कुत्र्यांवर. आता फक्त अंगावर घालायला काहीतरी हवं होतं. त्या दिवशी गणवेश चालणार नव्हता, आणि घरी जो एक पंजाबी ड्रेस होता त्याच्या बाह्या दोनदा उसवून लांब करून झाल्या होत्या.

गल्ल्यावरचे दत्तप्रसादशेट उठले. उठून ते गिऱ्हाइकाकडे आले नाहीत. लक्ष्मीच्या तसबिरीकडे गेले आणि त्यांनी दोन उदबत्त्या लावल्या. दुपारी साडेबाराला कुठल्या देवाची वेळ असते, हे संचिताला काही कळेना.

"बोला काकी. काय दाखवू?"

"ह्या चेडवाक पंजाबी ड्रेस व्हयो. शाळेत कार्यक्रम आसा. माईकवर बोलतला ता," आई म्हणाली.

शेटनी तीन पाकिटं काढून काचेच्या कपाटावर ठेवली. ठेवली कसली, लांबून सरकवली. तिन्ही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.

"पिशवीतसून काढा ना," संचिता म्हणाली.

"दिसता मां गो पिशवीतसून! काढलो काय मळता माल."

दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईपुढे उघड्या कपड्यांचा ढीग पडला होता. तिची मुलगी कोपऱ्यातल्या पडद्याआडून नवा ड्रेस घालून बाहेर आली, गर्रकन फिरली, पुन्हा आत गेली. त्या ढिगातलं काहीच मळलेलं दिसत नव्हतं.

"माका घालून बघूचो आसा," संचिताने फिरोजी रंगाच्या पाकिटावर बोट ठेवलं.

"ट्रायल रूम बंद आसा."

"आत्ता ता चेडू—"

"आत्ताच बंद झाली. बल्ब गेलो." शेटनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की खोटं म्हणायलाही जागा राहिली नाही.

एवढ्यात काय झालं कोण जाणे, आईचा एक हात पदराबाहेर आला. फिरोजी ड्रेसच्या गळ्याशी बारीक जरीची वेल होती, ती पिशवीच्या फटीतून जराशी बाहेर डोकावत होती. आईचं बोट त्या वेलीपाशी पोचायला वीतभर अंतर असेल-नसेल.

"काकी, हात लावू नको हां," शेट म्हणाले. रागाने नाही. हसून.

हात परत पदराखाली गेला. "चल गो," आई म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर ती भराभर चालू लागली. "बरा झाला. माका तो पडद्याआडचो आरसोच पसंत नव्हतो. काशीबाय सांगा होती, मुंबैत आरशापाठी कॅमेरे लावून ठेवतत. चेडवां कपडे बदलतत आणि पाठी कोण बसान बघता."

आरशाबद्दलचा आईचा हा संशय आत्ता, या रस्त्यावर, पायरी उतरल्यानंतर जन्माला आलाय, असा संचिताला संशय आला. आणि काशीबाई तर मालवणच्या पलीकडे कणकवलीलाही कधी गेली नव्हती.

---

उपाय संचितानेच काढला. तिच्या मामाची मुलगी संजना देवबागलाच एका घरगुती लॉजमध्ये कामाला होती. पर्यटकांच्या खोल्यांचं बुकिंग ती कॉम्प्युटरवर घ्यायची. त्याच कॉम्प्युटरवर हल्ली कपडेही मिळतात, पोस्टाने घरी येतात आणि पैसे पोस्टमनच्या हातावर ठेवायचे असतात, ही बातमी तिनेच दिली होती.

"दुकानात जावकच नको," संचिता आईला म्हणाली. "कोण उदबत्ती लावूचो नाय. कॉम्प्युटराक नाक नसता, आये!"

आई रविवारी दुपारी तिच्याबरोबर आली ती तपास करायलाच. संजनाच्या टेबलापाशी खुर्चीच्या कडेवर बसली आणि पडद्याकडे असं बघू लागली, जसं ती पहाटे लिलावात बर्फाखालच्या सुरमईकडे बघते.

इंटरनेट त्या दिवशी फार हळू चालत होतं. फोटो वरून खाली एकेक पट्टी उघडत होता. आधी मुलीचे केस आले, मग कपाळ, मग डोळे. मग बराच वेळ काही नाही.

"बाकीचा कित्या लपवतत?" आईने विचारलं.

"लपवत नाय, आत्या. येताहा हळूहळू."

"इतको येळ लागता म्हणजे काय तरी आसा."

शेवटी गळा आला. फिरोजी. दुकानातल्यासारखाच, उलट जास्तच सुंदर. वेलीऐवजी बारीक बारीक बुट्ट्या होत्या. संचिताने टेबलाची कड घट्ट धरली.

"ही कोण?" आईचा पुढचा प्रश्न.

"मॉडेल."

"हिचोच ड्रेस आमका पाठवतले?"

"तसलो."

"तसलो म्हणजे? हिणा घातलेलो काय दुसरो?"

"दुसरो गो आत्या. कोरो."

"तुका कोणी सांगला? तू बघलंस?" आई आता रंगात आली. "ही घालतली, फोटो काढतली, मगे धुवून, इस्त्री करून आमच्या गळ्यात. एवडो बरो ड्रेस एका फोटोसाठी घालून फुकट कोण घालयतलो?"

संजना हसत सुटली. संचिताही हसली, पण तिच्या मनात तेवढ्यात एक बारीकसं कुसळ रुतून बसलं. "ताई, कोरोच येतलो मां? माझ्याआधी कोणाच्या अंगाक लागलेलो माका नको," ती म्हणाली.

"कोरोच येता. माप सांग."

पडद्यावर तीन चौकोन होते. छाती, कंबर, उंची. आईने ते संजनाकडून मोठ्याने वाचून घेतले आणि पदर छातीवर ओढून घेतला. मग हळूच म्हणाली, "ह्या कोणाक व्हया?"

"कंपनीक."

"थय पुरुष बसतत?"

"आत्या, कोण बघणा नाय तसा."

"बघणा नाय तर विचारतत कित्याक?"

मापाची टेप कोणापाशीच नव्हती. तेव्हा आईने कमरेच्या बटव्यातून जाळ्याचा दोरा काढला. दुपारी ती जाळी सांधायला बसायची, त्यामुळे हात-दोन हात दोरा तिच्याकडे नेहमी असायचा. संचिताला ती स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लावलं, आणि जाळ्याचं घर मोजावं तसं तिने पोरीला मोजलं. मापागणिक दोऱ्याला एक गाठ. प्रत्येक गाठ मारण्याआधी मात्र ती दोऱ्याखाली आपली चार बोटं आडवी घालून दोरा तेवढा सैल सोडत होती.

"आये, ह्या काय? माका फिटिंगचो व्हयो!"

"पोर वाढती आसा."

"दीड वर्सात मी अर्दो इंचसुद्दा वाढूक नाय!"

"मगे आता वाढतलंस. उभी ऱ्हव सरळ."

आईशी मापावरून भांडणं म्हणजे भरतीशी भांडणं. बाहेर येऊन संजनाने गाठी शाळेच्या पट्टीवर ठेवल्या, आकडे त्या चौकोनांत भरले, आणि खालची बारीक इंग्रजी अक्षरं मराठीत सांगू लागली. "आवडलो नाय तर सात दिवसांत परत घेतत. पण घातलेलो चलाचो नाय. धुतलेलो चलाचो नाय. आणि..." ती थांबली.

"आणि काय?" संचिताने विचारलं.

"आणि कापडाक कसलो वास येवक नको."

"म्हणजे नाक आसा तेंका," आई म्हणाली.

घरी जाताना माडांच्या सावल्या रस्त्यावर लांब झाल्या होत्या. संचिताच्या डोक्यात ते शेवटचं कलम घोळत होतं. त्यांच्या घरात पाय ठेवला की पहिलं नाकात काय शिरायचं ते तिला चांगलं माहीत होतं. माळ्यावर सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, दाराशी जाळी, ओसरीवर आईची पाटी. तिने चालता चालताच ठरवलं आणि तसंच सांगितलं.

"पार्सल इला काय सरळ संजनाताईकडे पोचव. घरात ठेवू नको. आणि तू हात लावू नको हां."

"बरा," आई म्हणाली.

दहा पावलं गेल्यावर ते वाक्य संचिताला पुन्हा ऐकू आलं. आपल्याच आवाजात, तरी आपलं नसलेलं. तिने वळून पाहिलं. आई रस्त्यात पडलेली माडाची वाळकी झावळ ओढून घ्यायला वाकली होती. चुलीला लागते. तसं नाही गो, असं म्हणायला संचिताने तोंड उघडलं. स्पर्धेत सहा मिनिटं न अडखळता बोलणाऱ्या त्या मुलीला ते तीन शब्द जमले नाहीत.

---

मग वाट बघणं सुरू झालं. ती शाळेतून आल्यावर दप्तर टेकवायच्या आधी विचारायची, आणि आई मान हलवायची. आठ दिवस झाले. दहा झाले. वर्गात बाईंनी तिच्याकडून निवेदनाची तालीम करून घेतली, 'रसिक प्रेक्षकहो' म्हणताना हात किती उंच न्यायचा तेही ठरलं. तो हात कुठल्या बाहीतून बाहेर येणार ते मात्र ठरेना.

मंगळवारी ती घरी आली तेव्हा आई ओसरीवर जाळं घेऊन बसली होती आणि तिचे केस ओले होते.

हे विचित्र होतं. आई न्हायची ती संध्याकाळी, सगळी कामं आटोपल्यावर. भरदुपारी तिला केस सोडून बसलेली संचिताने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आणि जवळून जाताना वास आला. चंदनाच्या साबणाचा. त्यांच्या घरात तर निळी वडी असायची, कपड्यांना आणि माणसांना एकच.

"आज दुपारची न्हालंस?"

"आनंदीबायच्या बावीर. आमच्या बावीक खारा पाणी इलाहा."

देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. विहिरीला खारं पाणी येणं काही नवं नव्हतं. तरी संचिता मागच्या दारी गेली, पोहरा सोडला आणि ओंजळभर पाणी प्यायली. गोडं होतं.

"पार्सल?" तिने आतूनच विचारलं.

"नाय येवक."

आईने हे जाळ्यातून मान वर न काढता सांगितलं. संचिताने नोंद घेतली. आता तिला नोंद घ्यायची सवयच लागली होती. तारेवर वाळत घातलेला, त्यांच्या घरचा नसलेला पंचा. आईच्या कपाळावरचं कुंकू, दुपारी पुन्हा नव्याने लावल्यासारखं ताजं. आणि मुख्य म्हणजे आईचं गुणगुणणं. आई गुणगुणत असली म्हणजे काहीतरी लपवलेलं असतं. बाबांच्या बोटीचं इंजिन बिघडलं होतं तेव्हाही ती अशीच तीन दिवस गुणगुणत होती.

गुरुवारी शाळेतून येताना तिला पोस्टमन दत्ताराम सायकल ढकलत येताना दिसला.

"दत्तारामकाका, माझा पार्सल कदी येतला?"

"कसला? ता मुंबैचा? अगो, मंगळवारी सकाळीच दिलंय! तुझ्या आवशीन सही केल्यान, पैसे दिल्यान. माका पेलोभर सोलकढीसुद्दा दिल्यान." तो खुशीत होता. "कित्या, काय झाला?"

"काय नाय," संचिता म्हणाली आणि पळतच सुटली.

तेवढ्या वाटेत तिने काय काय म्हणून कल्पिलं नाही! आईने ते परत पाठवलं. आईने ते दत्तप्रसादशेटना विकलं. आईने ग्रामदेवतेला कौल लावला, देवाने कॉम्प्युटरच्या कपड्यांना नकार दिला आणि तो ड्रेस आता खाडीच्या तळाशी गेला. किंवा मग सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट: तिचं ते 'हात लावू नको' आईला लागलं होतं आणि आई ते आता असं वसूल करत होती.

आई ओसरीवर सुपात सुंगटं निवडत होती.

"पार्सल खंय आसा?"

सूप थांबलं. "कोण सांगल्यान?"

"मंगळवारी इला. आज गुरुवार. तू माका फटवलंस."

आई उठली, हात धुतले, चिंच घेतली. चिंच चोळता चोळता म्हणाली, "आनंदीबायकडे आसा. घरात वास लागात म्हणून थय ठेवलंय."

"संजनाताईकडे पोचव म्हणान सांगलेलंय."

"लांब पडता."

संजनाकडे जायला दहा मिनिटं लागत. आई रोज पहाटे मालवणच्या बाजाराला पोचायची, तिच्या तोंडी 'लांब पडता' हे शब्द कधी कोणी ऐकले नव्हते.

---

आनंदीबाई शेजारच्याच अंगणातल्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. चाळीस वर्षांत त्यांच्या चुलीने मासा पाहिला नव्हता. घर शेणाने सारवलेलं, कापराचा वास येणारं. वाडीत पूर्ण उंचीचा आरसा फक्त त्यांच्याकडे होता, मुलाने मुंबईहून पाठवलेल्या लोखंडी कपाटाच्या दारावर.

त्या वाती वळत बसल्या होत्या. दोघींना बघून त्यांनी पार्सल काढून दिलं आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "माका काय इचारू नका हां. मी मंगळवारी देवपूजेत होतंय."

पार्सलची चिकटपट्टी कापलेली होती. कापून, वर भाताच्या शिताने पुन्हा चिकटवलेली.

संचिताने आईकडे पाहिलं. आईने वातींकडे पाहिलं.

"उघडलंस तू."

"बघूक नको, काय पाठवल्यानी तो? पैसे मोजलंय मी. मधी फाटको आसलो तर?"

"फकत बघलंस?"

"मगे काय खातलंय तेका?"

आनंदीबाईंनी एक वात उगाचच पुन्हा वळायला घेतली. संचिताला त्या घडीला दोघींचाही राग आला, त्या चिकटवलेल्या शितांचाही आला. कोणाचंही बोट लागण्याआधी तिला तो हवा होता. कोरा, आपला, पहिल्यांदा आपलाच. बुट्ट्यांवर कुठे डाग नाही ना, हे तिने उजेडात धरून बघितलं. डाग नव्हता. रंग फोटोपेक्षा जरा हिरव्याकडे झुकणारा, पण सुंदर. घडी मात्र कंपनीची नव्हती. कंपनी कशी घडी घालते हे तिला ठाऊक नव्हतं. पण साडीसारखी तीन पदरी, कडा बोटांनी दाबून सरळ केलेली घडी कोण घालतं ते ठाऊक होतं.

"मी घालून बघतंय," ती म्हणाली, आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

शाळेचा गणवेश काढून तिने ड्रेस डोक्यावरून ओढला आणि तिथेच अडकली. गळा लहान होता. कान आत, हनुवटी आत, हात वर बाह्यांत अर्धे शिरलेले, आणि सगळीकडे फिरोजी अंधार. तिने ओढलं. शिवण करकरली.

"ओढू नको!" दाराबाहेरून आईचा आवाज आला. "पाठी मानेवर हूक आसा, तो काढ आदी. बारीक आसा, बुट्ट्याखाली. दिसणा नाय, बोटान चाचपूचो लागता."

संचिताची बोटं वर गेली. बुट्टीखाली खरंच एक हूक होता, तांदळाच्या कणीएवढा.

तिने तो लगेच काढला नाही.

ती तशीच उभी राहिली, कपडा डोक्यावर घेऊन. श्वास घेतला तसा वास आला. अगदी पुसट, गळ्याच्या आतल्या बाजूने. नव्या कापडाच्या खळीखालून चंदनाचा साबण. आई दाराबाहेर जागच्या जागी उभी असावी, कारण आपण काय बोलून बसलो हे तिलाही त्याच क्षणी कळलं असणार.

मग संचिताने हूक सोडला. ड्रेस सळकन खाली उतरला आणि ती आरशात दिसली.

मोठा होता. खांदे दंडावर उतरले होते, कमरेशी मूठभर कापड दोन्ही बाजूंनी गोळा होत होतं. तिने ते मुठीत धरून पाहिलं, सोडून पाहिलं. मग ती आरशात स्वतःकडे बघायची थांबली आणि त्या रिकाम्या जागेकडेच बघत राहिली. हा खांदा मंगळवारी कोणाला बरोबर बसला असेल. ही कंबर. ओले केस पाठीवर, दाराला आतून कडी, आणि आनंदीबाई बाहेर देवपूजेत. आईच्या चोळीचं मापही गेली कितीतरी वर्षं शिंपी जुन्या चोळीवरून घ्यायचा. 'नमुना पाठवून दे, तू येव नको,' असा त्याचा निरोप असे.

तिने दार उघडलं.

आई उंबऱ्याशी होती. ती संचिताच्या चेहऱ्याकडे न बघता एकदम खांद्यांकडे बघू लागली. "मोठो झालो," ती घाईघाईने म्हणाली. "माझीच चूक. परत कर. सात दिवस व्हवक नाय अजून. संजना म्हणा होती मां, घालूक नसलेलो घेतत? कोणी घालूक नाय तो."

"मी घातलंय मां आत्ता," संचिता म्हणाली.

"ता मोजणा नाय. पटकन काढ. आपण दत्तप्रसादाकडसून दुसरो आणूया. मी भायेर उभी ऱ्हवतंय, तूच जा आत."

"माका ह्योच व्हयो."

"इतको ढगळ घालून माईकवर उभी ऱ्हवतलंस? लोक हसतले." आईने आता कापड हातात धरलं, न कचरता, सरावाने, दोन्ही कुशी चिमटीत पकडून मागे ओढल्या आणि आरशात अंदाज घेतला. बसला. अगदी फोटोतल्यासारखा. "बघ. दोन्ही बाजूंनी टाके घालतंय. आतला कापड कापून टाकतंय, म्हणजे फुगाचा नाय. आनंदीबाय, सुई-दोरो आसा? आणि कातर?"

"आसा तर!" आनंदीबाई उठल्या, सुई-दोरा आणि कातर घेऊन आल्या. आईने दोरा दाताने तोडला, उजेडाकडे धरून ओवला, गाठ मारली.

"नको," संचिता म्हणाली.

"काय नको?"

"कापू नको. टाके पण नको. पिनो लाव."

"पिनो? अगो, टोचतले. दोन तास उभी आसतलंस तू."

"टोचांदे."

"टाके घातलंय तर कायमचो बसात."

"कायमचो नको, आये."

आईने तिच्याकडे पाहिलं. दुकानातून आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, सरळ. संचिताने मान आरशाकडे वळवली, कारण इतकं जवळून तिला ते जमेना. आनंदीबाईंनी कातर उचलून परत कोनाड्यात ठेवली आणि पिनांची डबी आणली. आईने सुई कपाटाच्या फळीवर ठेवली, चार पिना ओठांत धरल्या, आणि पाठीमागे गुडघ्यांवर बसून पहिली पिन लावायला घेतली.

"येत्या मंगळवारी कार्यक्रम झालो काय पिनो काढून टाकूया," संचिता आरशातल्या ड्रेसला सांगत असल्यासारखी म्हणाली. "आणि ड्रेस हयच ठेवूया, आनंदीकाकीकडे. आपल्याकडे नको. आरसो पण हयच आसा."

कमरेशी कापड जरा घट्ट झालं, मग थोडं सैल, मग नीट. आईच्या ओठांत अजून तीन पिना होत्या. बोलायचं तर आधी त्या काढाव्या लागल्या असत्या, आणि तिने त्या काढल्या नाहीत.